मोरीतली कासवं

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावजींचा खोकला थांबला का, हे आधीच विचारून घेते, कारण पुढे सगळं माझंच रडगाणं आहे. (आम्ही ठीक आहोत. कासवंही ठीक आहेत.)

झालं असं, की मागच्या महिन्यात सहावीला आक्रमक प्रजातींचा धडा होता. परमुलखातून आलेली झाडं, प्राणी इथे फोफावतात आणि इथल्यांच्या तोंडचा घास पळवतात, असा. मुलं जांभया देत होती, म्हणून मी दुकानात मिळणाऱ्या लाल कानांच्या कासवांचं उदाहरण दिलं. घेताना बिस्किटाएवढं असतं, वाढून ताटाएवढं होतं, मग लोक कंटाळून तळ्यात सोडतात आणि ते तिथल्या मूळच्या कासवांना उपाशी पाडतं. वर्ग चिडीचूप. (तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.) मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, तळ्यात नाही सोडायचं, तर मग ठेवायचं कुठे?" तेवढ्यात घंटा झाली. माझा घसा बसलेला, डोकं ठणकत होतं. मी म्हणाले, "माझ्याकडे आणून द्या."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालक बादल्या घेऊन उभे. मी एका आईला म्हटलं, अहो, मी आपलं बोलण्याच्या ओघात बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मग जाता जाता तळ्यात सोडते." काय करणार, घेतली बादली. मुख्याध्यापिकाबाईंनी धड्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि कासवं संध्याकाळच्या आत हलवायला सांगितली.

तेव्हापासून ती आमच्या मोरीत आहेत. दार उघडलं की सगळी माना वर करून बघतात. इतका लक्ष देणारा वर्ग मला नोकरीत मिळालेला नाही. आमचे हे रोज सकाळी टॉवेल गुंडाळून मोरीच्या दारापर्यंत जातात आणि परत फिरतात. काल एकाने त्यांचा अंगठा धरला. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "तुझा धडा संपला की सांग." प्राणिसंग्रहालयात विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, आमचीच आम्हाला जड झालीत, तुमच्याकडे जागा असेल तर थोडी पाठवतो. (ही जात तीस-चाळीस वर्षं जगते, हे मीच फळ्यावर लिहिलंय.)

थकले गं. पण परवा कळलं, की वर्गातली मुलं शाळा सुटल्यावर त्या दुकानासमोर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना धडा म्हणून दाखवतात, आणि दुकानदाराने कासवं ठेवणंच सोडलंय. ऐकून मी स्टाफरूममध्ये जरा रडले. कशासाठी, ते माझं मलाच कळलं नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. तुमच्या परसात भावजींनी बांधलेला उंच काठाचा हौद रिकामाच आहे ना? त्यासाठीच हे सगळं लिहिलं. रविवारी कासवं घेऊन येते.

आणखी एक ता. क. पत्र सासूबाईंनी वाचलं. पहिल्या दिवशी कासवांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्याच. आता मोरीत स्टूल टाकून बसतात, त्यांना भाजीची देठं भरवतात आणि माझ्या तक्रारी सांगतात. म्हणाल्या, "या घरात माझं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण? ती कुठेही जाणार नाहीत." तेव्हा हौदाचं राहू दे. रविवारी ह्यांनाच पाठवते. खाण्यापिण्याचं काही नाटक नाही, फक्त आंघोळीची सोय बघ.