सत्तावीस अंश

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. माझा स्विच तापत नाही, असं मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं. तो तापतो. चार्जरमध्ये वीज हवी तशी बदलून देणारा हा नखाएवढा तुकडा अजून कुणी बनवलेला नाही, तो फक्त माझ्या संगणकात आहे. आणि दोन वर्षं मी त्याला तिथे तापूच दिलेलं नाही.

परवा लॅबमधली ज्युनियर माझी फाइल बघत होती. म्हणाली, "दीदी, इसका टेंपरेचर तो पूरे टाइम सत्ताईस ही है. भोपाल में मई में कौन-सी चीज़ सत्ताईस पे रहती है?" मी हसले. मग पाहिलं. प्रोग्राममधली उष्णता मोजणारी ओळ बंद होती आणि तिच्यापुढे माझीच टीप: 'बाद में चालू करना.' ओळ चालू केली. पूर्ण करंटला आतलं तापमान चढतच गेलं आणि गणित मध्येच तुटलं.

चौथीपर्यंत माझी शाळा आनंद नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात भरायची. तुम्ही कारखान्यातून येता, हात धुता, ओट्यावर रेडिओला सेलऐवजी वीज देणारी डबी, एलिमिनेटर, ठेवता, मीटर मला देता. मी आकडा बरोबर सांगते. "मीटर बघितलास. डबीला हात लावलास? तापलीय का?" "लावला. नाही तापली." तुम्ही माझी बोटं मुठीत घेता. "बाईसाहेब, डबी चटका देतेय आणि ही तर गार आहेत." रागावला नाहीत. मीटर परत घेतलात, एवढंच.

मंगळवारी मॅडम, माझ्या गाईड, हा आराखडा प्रत्यक्ष बनवायला पाठवणार आहेत. माझी पीएचडी त्यावरच उभी आहे. काल त्या समोर होत्या. मी 'गुड मॉर्निंग' एवढंच म्हणाले. आई म्हणते, "चुकून राहिलं म्हणून सांग, त्यात काय?"

तेच सांगता येत नाही. चुकून राहिलं नव्हतं. ती ओळ चालू असली की उत्तर येत नव्हतं, म्हणून मी बंद केली. आणि मग उत्तर इतकं देखणं आलं की 'बाद में' कधी आलंच नाही. हे पत्रही मागच्यासारखं तुमच्या मागे राहिलेल्या हत्यारांच्या पेटीत, टेस्टरखाली जाईल. मॅडमना मात्र सांगायचंय, 'चुकून' हा शब्द न वापरता. उद्या रविवार, लॅब बंद. सोमवारी.