हे काढू नका

बारामती, मंगळवार, संध्याकाळ

‘हे काढू नका.’ प्रोग्राममधल्या एका ओळीशेजारी एवढीच टीप. का काढू नका, हे लिहायला तो लिहिणाऱ्या दिवट्याचे हात दुखले असावेत. पाणीपुरवठा संस्थेचा, शेतांच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा त्याचा प्रोग्राम दुरुस्तीसाठी माझ्या गळ्यात पडला, कारण मी कॉन्व्हेंटातली कॉम्प्युटरची बाई, आता रिटायर, म्हणजे रिकामी. त्या ओळीमुळे पाळ्यांच्या यादीतून दर महिन्याला एक दिवस गळत होता. चूक समजून मी ती ओळ काढली. आज सकाळी लासुर्ण्याच्या तात्यांना मेसेज गेला, उद्या तुमच्या पाण्याची पाळी.

दुपारी त्यांचा फोन. “बाई, उद्या अमावस्या हाय. मोटारीवर कोण येतंय? तुमच्या कॉन्व्हेंटात चंद्र बुडत न्हाय व्हय?”

म्हणजे ती ओळ अमावस्याच वगळत होती. परत घातली. पण प्रोग्रामच्या लेखी तात्यांची पाळी झाली. परवाचं पाणी कळंबवाल्यांना जाहीर, आणि एकदा मेसेज गेला की इथे कुणी मागे हटत नाही. तात्यांची उसाची लागण कोवळी आहे. पुढच्या पाळीपर्यंत टिकेल?

शेवटी त्या प्रोग्रामरलाच विचारलं. “मॅडम, ती ओळ माझ्या आधीच्याची हाय. मी बी घाबरून काढली न्हाय.”

म्हणजे घाबरायला हवं होतं. हे काढू नका. पाळी परत कशी द्यायची, ते मात्र कुणीच लिहिलेलं नाही. तात्या नव्या मेसेजसाठी फोन हातात धरून बसलेत.