दोन कागदांमधला फरक

सोमवार, ३
आले एकदाची. पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा नोकरी, राहायला खोली आणि खिडकीखाली बाग. दादाने धापा टाकत बॅगा वर चढवल्या, वेळेवर जेवत जा म्हणून सतरांदा बजावलं आणि गेला. काम सोपं आहे. इथे राहणाऱ्या विसराळू म्हाताऱ्यांना वीस प्रश्न विचारायचे: एकट्याने बाहेर जाता येतं का, सुई ओवता येते का, असे. तेच प्रश्न घरच्यांनाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक मोजायचा. फरक जितका मोठा, तितकं त्या माणसाला स्वतःच्या आजाराचं भान कमी. डॉक्टरीणबाईंनी स्वतः चहा करून दिला. माणसं चांगली वाटतात.

गुरुवार, ६
सुतारकाका म्हणाले, घरचा स्वयंपाक मीच करतो. त्यांना घासही भरवावा लागतो. खोटं बोलत नव्हते, बिचाऱ्यांना ठाऊकच नाही. शिंपीमावशी प्रत्येक प्रश्नाला ‘येतं की’ म्हणाल्या. सुनेच्या कागदावर सगळीकडे ‘येत नाही’. फरक वीसपैकी वीस. मी ‘भान नाही’ लिहून सही ठोकली आणि जेवायला गेले.

मंगळवार, ११
मावशींनी माझी उसवलेली बाही शिवून दिली. सुई ओवली एका झटक्यात, तेही चष्म्याशिवाय. वर टोमणा, इतकी वर्षं टाचण्या लावूनच काढलीस वाटतं. मी येणाऱ्याजाणाऱ्यांची वही उघडली. सून दोन वर्षांत इकडे फिरकलेली नाही, कागद टपालाने आलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फरक पडला की घरच्यांचं खरं धरायचं, नियमच आहे. आणि मावशींची सुई काढून घेतली. का, तर माझी सही. तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवार, १४
मावशी दिवसभर रिकामे हात मांडीवर ठेवून बसतात. मला बघवेना. मीच शहाणी, मीच सुचवलं की पुढच्या वेळी सगळ्याला ‘येत नाही’ म्हणा, फरक मिटेल, सुई परत मिळेल. मावशींनी विचारलं,
“खोटं बोलले तर शहाणी ठरेन?”
मी हो म्हटलं.

सोमवार, १७
मावशींना पुन्हा विचारलं, फरक शून्य. डॉक्टरीणबाई खूश, मावशींना भान आलं म्हणे. पण काहीच येत नाही असं आता त्या स्वतःच म्हणतात, तेव्हा वरच्या मजल्यावर हलवलं. तिथली कडी बाहेरून असते. कागदावर सही माझीच. मावशींनी जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. मला माझाच राग आलाय.

मंगळवार, १८
भांडले. टेबलावर हात आपटला, वाट्टेल ते बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. मग दोन कागद पुढे केले. सुतारकाकांचे दोन्ही, तारीख सहा, एक सकाळचा, एक दुपारचा. दोन्हीवर माझी सही.
मी एकदाच विचारलं होतं. एकदाच.
ही सही त्यांनीच मारली असणार. हुबेहूब माझी आहे. पण विसरले असेन, तर ते मला कळणार कसं?

बुधवार
दादाला फोन केला. आधी जेवलीस का विचारलं. मग म्हणाला, त्यांनी तुझ्याबद्दलचा कागद पाठवला होता, मी खरं तेच लिहिलं. काय खरं? कुणाला विचारून? — फोन ठेवला त्याने.

गुरुवार
टेबलावर वीस प्रश्न. वर माझं नाव. बाईंच्या हातात बंद पाकीट, दादाचं अक्षर.
‘येतं’ लिहिलं तर — सुतारकाकांसारखं ‘भान नाही’. ‘येत नाही’ लिहिलं तर — वरचा मजला.
बाई दारात उभ्या आहेत. घाई नाही म्हणतात. दोघांनाही फाडून खावंसं — नको, रागावले तर तेही लिहून घेतील —
दादा, तू काय लिहिलंयस ते फक्त सांग, मी तेच —