अकरा पानांवरचं एक वाक्य

शुभंकरने ते वाक्य तिसऱ्यांदा पुसलं आणि वर पानं लिहायचं माझंच खातं महिनाभर बंद केलं, म्हणून मृत्युपत्र आज लिहायला बसले. नाहीतर ऑपरेशन झाल्यावर बघू म्हणत होते. गाठ पोटात आहे, डोकं ठिकाणावर आहे. कोणी शिकवलेलं नाही, कोणाचा धाक नाही. मी सखू काशीराम गोताड, वय त्रेपन्न, चौथी पास, राहणार मिरजोळे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. चिऱ्याच्या दोन खोल्या आणि पडवी माझ्या नावावर आहेत. त्या मुलगी ज्ञानेश्वरी हिला. बँकेत काही उरलं तर तेही तिला. माझे यजमान मुंबईला कामाला असतात. ते परत आले तर हयातभर इथेच राहतील, तिने नाही म्हणायचं नाही. यजमानांनी चहा आपला आपण करावा.

२. पडवीतली कंप्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन, फ्रेमा आणि दोऱ्याची रिळं दर्शनाला. सहा वर्षं ती माझ्याकडे काम करते.

३. दीर बाबल्या म्हणाला होता, "चौथी शिकलेली बाई कंप्युटरवाल्यांना काय शिकवणार?" त्याला माझा चष्मा द्यावा. बाकी काही नाही.

४. आता लिखाण. या मशीनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरचे लोक मिळून करतात. त्याची मदतीची पानं कोणीही लिहावी, कोणीही सुधारावी. मराठीत एकही नव्हतं. मी फोनमध्ये बोलले, फोनने लिहिलं, त्याच्या चुका मी काढल्या. दोन वर्षांत अकरा पानं झाली. दोरा का तुटतो, फ्रेम का सरकते, सुई कशी बदलायची. प्रत्येक पानावर पहिलं वाक्य एकच: आधी मशीनची वीज बंद करा, मग हात घाला.

शुभंकर पुण्यात बसून मराठी पानं सांभाळतो. त्याने ते वाक्य सगळीकडून काढून एका वेगळ्या पानावर नेलं. मला लिहिलं, "काकू, एकच गोष्ट अकरा ठिकाणी लिहीत नाहीत. एकदा लिहायची, बाकीकडे लिंक द्यायची. पुढे बदल करायचा झाला तर एकाच जागी करता येतो."

मी लिहिलं, "वीज बंद करण्यात पुढे काय बदल होणार आहे?" आणि वाक्य परत घातलं. त्याने परत काढलं.

ऑगस्टमध्ये मी सोनोग्राफीला गेले होते. दर्शनाने सुई बदलायचं पान फोनवर उघडलं. एका हातात फोन, दुसरा सुईखाली. लिंक कोण उघडतं? कोपर चालू करायच्या बटणाला लागलं आणि सुई नखातून आरपार गेली. मी आले तर म्हणते, "काकी, पानावर नव्हतं ओ." मीच तिला सांगून ठेवलं होतं, पानावर आहे तेवढंच कर, अंदाज करू नको. तिने माझं ऐकलं.

शुभंकरला कळवलं. तो म्हणाला, "वाईट वाटलं, पण लिंक दिलेली होती." मी वाक्य पुन्हा घातलं, पुढचं वर लिहिलंच आहे.

वकील म्हणतात, ते लिखाण सगळ्यांचं आहे, मृत्युपत्रात देता येत नाही. बरं. मग ते शुभंकरचंही नाही. तिथलाच नियम आहे की कोणीही उचलून वेगळं चालवावं. वाक्य परत आलं नाही तर ज्ञानेश्वरीने अकराही पानं वेगळ्या जागी मांडावी, प्रत्येकाच्या डोक्यावर ते वाक्य घालावं. बायका कुठलं उघडतात ते मग दिसेल.

हे मी स्वतः लिहिलं, वाचून पाहिलं आणि खालच्या दोघांसमोर सही केली. दोघांना यातलं काही मिळणार नाही, तरी आले.

सही: सखू काशीराम गोताड
साक्षीदार: निशिगंधा कळंबटे, सुजय पाष्टे
रत्नागिरी, ३ नोव्हेंबर २०२५

एक प्रत शुभंकरला. बाबा, गुरुवारी वीस तारखेला मला भूल देणार आहेत. वाक्य अकराही पानांवर परत घालतोस की नाही, ते सोमवार १७ नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या आत मला लिहून कळव.