गवतावर पाच मिनिटं

लिंबायत, सुरत
५ जून २०२२

चि. नितीन यास आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू बोलतोस, पण मला नुसते तुझे ओठ हललेले दिसतात. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान जायचेच. म्हणून हे कागदावर. तुझी धाकटी बहीण मयुरी फोटो काढून पाठवेल. तूही हातानंच लिही. तुझ्या पत्राचा फोटो ती नाक्यावरून छापून आणते.

तुमच्या कतारची फुटबॉल स्पर्धा आपल्या घरात घुसली आहे. पलसाण्याच्या मिलमध्ये झेंडे छापतात आणि शिवून झाले की दोरे कापायला आपल्या गल्लीत देतात. खाटेवर झेंडे, कणकेच्या डब्यावर झेंडे. मी टेकायला गेलो की तुझी आई हातानं खुणावते, आधी ब्राझील उचला, मग बसा.

तिनं आणखी एक उद्योग आरंभलाय. हे झेंडे नितीनकडे जाणार, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा एक टाका घालते. तुला दृष्ट लागू नये म्हणून! मी डोक्याला हात लावला. ऊन फार आहे का तिकडे? खरं काय ते लिही.

जिवाला जप आणि आमची आठवण असू दे.
तुझा आप्पा


दोहा
२६ जून २०२२

ती. आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

आईला सांगा, टाका लागू पडला, मी मजेत आहे. ऊन आहे, पण उन्हाळ्यात सकाळी दहाला बाहेरचं काम थांबवायचा इथे कायदाच आहे. शिवाय आमच्या स्टेडियममध्ये प्रत्येक खुर्चीखाली जाळी असून तिच्यातून गार हवा येते. आमच्या बाजूच्या जाळ्या मीच बसवल्या. मैदानातल्या गवताचा थाट तर विचारू नका. त्याला पंखे वेगळे, पाणी वेगळं. त्यावर पाय ठेवायची कुणालाही परवानगी नाही. पण गेल्या मंगळवारी मी चक्क पाच मिनिटं त्यावर आडवा पडलो! उन्हाळ्यात घरी ओल्या पोत्यावर निजायचो, त्याची आठवण झाली.

एक विचारायचं होतं. माझा करार सप्टेंबरात संपतो. जो डिसेंबरपर्यंत राहील त्याला एका सामन्याचं तिकीट मिळेल, असं मुकादम म्हणतो. मी जाळी बसवलेल्या खुर्चीवर एकदा माणसासारखं बसून बघावं, असं फार वाटतं. थांबू का? तुम्ही हो म्हणालात तरच.

आईला नमस्कार, मयुरीला एक टपली. माया आहे तशीच ठेवावी.
तुमचा नितीन


लिंबायत
३ जुलै २०२२

चि. नितीन यास आशीर्वाद. वि. वि.

२१ जूनला, मंगळवारी, मिलच्या शेठनं झेंड्यांचा अख्खा गठ्ठा परत पाठवला. पांढऱ्यावर काळे डाग दिसतात म्हणे. तुझ्या आईनं सहाशे टाके दिवसभर बसून उसवले. वर मी तिलाच बोललो. बोलायला नको होतं.

आता तुझं. थांबायचं की नाही ते नंतर बघू. ज्या गवतावर कुणी पाय ठेवायचा नाही, त्यावर तुला निजू कुणी दिलं? मी कारखान्यात जन्म काढला. कामाच्या वेळी कामगार आडवा होतो तो एकाच कारणानं. माझ्या पाळीतला आपला पंडित लूमशेजारी तसाच आडवा झाला होता, तो उठलाच नाही. माझे कान गेलेत, नितीन, वाचता अजून येतं.

हे पत्र आईला दाखवलेलं नाही. लवकर लिही, जीव टांगणीला लागलाय.
आप्पा


दोहा
१० जुलै २०२२

ती. आप्पांस, शि. सा. न. वि. वि.

चुकलो. त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला, काम थांबायला अर्धा तास असताना, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायऱ्यांवर कोसळलो. सोबतच्यांनी सगळ्यात जवळची गार जागा म्हणून मला गवतावर नेऊन ठेवलं. शुद्धीवर आलो तेव्हा मुकादम डोक्याशी उभा होता. ऊठ म्हणत होता, गवत दबतंय. माणूस वाईट नाही, त्यालाही नोकरी टिकवायची आहे.

दोन दिवस दवाखान्यात सलाइनवर होतो. आता बरा आहे, पण खरं सांगतो आप्पा, थकलो. दोन जिने चढलो की पायरीवर बसावं लागतं. तरी ती खुर्ची डोळ्यांपुढून हलत नाही. ज्यानं जाळी बसवली त्याला तिची हवा एकदाही लागू नये? तुम्हीच ठरवा.

आईला वार सांगू नका. टाके उसवले तो दिवसही तोच निघाला. रागावला असाल, तरी दूर लोटू नका.
तुमचा नितीन


लिंबायत
१७ जुलै २०२२

चि. नितीन यास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

वार लपवता आला नाही. तुझ्या आईनं मयुरीकडून पत्र वाचून घेतलं, मंगळवार ऐकला आणि हातातली कात्री खाली ठेवली. तेव्हापासून एकच धोशा, मीच उसवलं. मी समजावलं, दृष्ट नव्हती ती, ऊन होतं, आणि उन्हात उभी करणारी माणसं. ऐकत नाही. तिचं रडणं मला ऐकू येत नाही, पण खाट हलते.

शेवटी काल मी, जन्मभर असल्या गोष्टींना हसलेला माणूस, सुई-दोरा घेऊन बसलो. शेवटच्या गठ्ठ्यातल्या एका झेंड्यात एक काळा टाका घातला. शेठला दिसू नये असा, शिवणीच्या आत. तिच्या डोळ्यांसमोर घातला. मग ती दोन घास जेवली.

तिकीट नको. तुझ्या खुर्चीवर जो बसेल त्याला खुशाल हवा लागू दे. सामना आपण घरी बघू, मला तरी कुठे टीव्हीचा आवाज लागतो? तू सप्टेंबरात ये. खाटेवरचे झेंडे उचलून ठेवतो, खाली ओलं पोतं अंथरतो. हवा तेवढा वेळ आडवा पड. इथे तुला कुणी ऊठ म्हणणार नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आप्पा