नवव्यापेक्षा मोठा दहावा

दि. ३ मार्च

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. विनंती जड आहे, म्हणून आधी फक्त घडलं ते लिहिते.

१. तुमच्या ‘बेसेल फलनांची कोष्टके’ची तिसरी आवृत्ती आमच्या छापखान्यात आली. तपासणी माझ्याकडे आली. मी मागून घेतली नव्हती.

२. x = २ च्या पानावर शून्य ते दहा क्रमांकांची फलनं आहेत. पहिल्यापासून पुढे प्रत्येक फलन आधीच्यापेक्षा लहान हवं. तुमचं नववं ०.०००००२८१ आहे आणि दहावं ०.०००००३०७.

३. शून्य क्रमांकाचं फलन अधिक सम क्रमांकांच्या फलनांची दुप्पट, ही बेरीज एक यायला हवी. या पानावर १.०००००५७२ येते. अशी सदतीस पानं सापडली.

४. व्यवस्थापक म्हणाले, पुस्तक वीस वर्षं चाललंय, सही कर. मी केली नाही. सोळा तारखेपर्यंत केली नाही तर माझ्या टेबलावर दुसरं कुणी बसेल.

कारण मला असं दिसतं. तुम्ही शून्य आणि एक क्रमांकाचे बिनचूक आकडे घेतलेत आणि तीन शेजाऱ्यांच्या नियमाने वर चढत गेलात. शेवटच्या स्थळातली बारीकशी चूक प्रत्येक पायरीवर गुणली गेली. गणनयंत्रावर मी उलटी गेले: पंधराव्याला शून्य, चौदाव्याला एक मानलं, खाली उतरले आणि शेवटी सगळ्यांना त्या बेरजेने भागलं. दहावं ०.००००००२५ आलं.

ही पानं मागे घेतो, अशा दोन ओळी लेखकाने लिहून दिल्या तर छपाई थांबते. त्या तुम्ही द्याव्यात.

लोभ आहे, तो हे वाचून झाल्यावरही ठेवावा.

तुमची भाची

---

दि. ६ मार्च

चि. टाचणीस,

अनेक आशीर्वाद, आठ दशांश स्थळांपर्यंत अचूक. माझा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

सातच्या पाढ्यावर अडून रडणारी पोर आज माझ्या पानाचा कान धरते आहे! काल मी ते पान पुन्हा तपासलं. कुठलेही तीन शेजारी घे, नियम शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत बसतो. एकाही शेजाऱ्याची तक्रार नाही, मग तू कोण लागून गेलीस? वर म्हणतेस, मनाने मानलेल्या शून्य आणि एकपासून निघालीस आणि खरं उत्तर मिळालं. खोट्यापासून निघून खऱ्याला पोचायचं, ही विद्या तपासनिसाची की वकिलाची?

या पुस्तकात माझी अकरा वर्षं गेली आहेत. वीस वर्षांत एकाही इंजिनिअरचं तक्रारीचं पत्र नाही. आणि त्या छापखान्यात तुझ्यासाठी शब्द कुणी टाकला होता, तेही आठव. सही कर आणि मोकळी हो. घरचं धुणं चौकात धुवू नये.

माया आटलेली नाही, फक्त तापली आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. हे यांच्यासमोरच लिहिते आहे. यांना चष्मा सापडेपर्यंत पाकीट बंद होईल. आकडे मी वाचायचे, हे लिहून घ्यायचे. त्या पानावर मी म्हटलं होतं, अहो, उतरता उतरता हा दहावा चढला कसा? हे म्हणाले, तुझं काम वाचायचं. मी वाचत राहिले. तू राहू नकोस.

---

दि. ९ मार्च

ती. मामांस आणि मामींस,

नमस्कार. गुडघ्याबद्दल विचारायला हवं होतं. चुकले.

शेजाऱ्यांची साक्ष इथे चालत नाही. प्रत्येक आकडा तुम्ही त्याच नियमाने काढला, त्यामुळे सगळे एकमेकांना दुजोरा देणारच. बेरीज हा बाहेरचा साक्षीदार आहे, आणि तो नाही म्हणतो. यंत्रावर विश्वास नसेल तर कागद घ्या. या पानावर नियम सोपा आहे: मधल्याला त्याच्या क्रमांकाने गुणा, वरचं वजा करा, खालचं मिळतं. तेरावं चौदा येईल, बारावं एकशे एक्याऐंशी. पुढचं तुम्ही करा. चहा निवायच्या आत शून्यावर पोचाल. वर चढताना चूक वाढत जाते आणि फलन आटत जातं. खाली उतरताना फलन वाढतं आणि चूक मागे पडते. यात वकिली नाही.

इंजिनिअरांची पत्रं आली नाहीत, यावरून दहाव्याची गरज अजून कुणाला पडली नाही एवढंच सिद्ध होतं. ज्याला पडेल त्याने तुमच्या नावावर विसंबून बारापट मोठा आकडा वापरावा, हे मला मान्य नाही.

तुम्ही शब्द टाकलात हे मी विसरलेले नाही. मी काम नीट करेन असा तो शब्द होता, असं मी धरून चालले आहे. सही करणार नाही. सोळाला खुर्ची जायची तर जाईल.

सदतीस पानं नव्याने काढून सोबत जोडली आहेत. पडताळून घ्या. ती तुमच्या हातून छपाईला जावीत, व्यवस्थापकांच्या नव्हे. मात्र तुमच्या दोन ओळींत चूक प्रथम कुणाच्या लक्षात आली हेही यायला हवं, आणि तिथे माझं नाव घालू नये. मामींनी ती वीस वर्षांपूर्वी पाहिली होती आणि पुस्तकात त्यांचं नाव कुठेच नाही. आता यावं. त्यांच्या नावाशिवायच्या दोन ओळी मी व्यवस्थापकांकडे नेणार नाही.

रागावूनसुद्धा जितका लोभ उरेल तितका माझ्यासाठी ठेवावा. होय असो वा नाही, तुमचं उत्तर पंधरा तारखेच्या टपालाने माझ्या हातात पडावं.

तुमची भाची