आपल्या बारचा शिक्का

एलादिओदादा,

जिनिव्हात बसून तू फोनवर म्हणालास, "सबेला, चाळीस वर्षं यात्रेकरूंच्या वह्यांत शिक्के मारलेस, स्वतः कधी सान्तियागोच्या यात्रेला गेलीस का? गुडघे गेले तुझे. बार विकून मोकळी हो." मी विचारलं, "सायकलवर गेले तर विक्रीचं नाव काढणार नाहीस?" तू हसत हो म्हणालास.

यात्रेचा दाखला मिळायला सायकलवाल्यांना दोनशे किलोमीटर भरावे लागतात, म्हणून पोनफेरादाहून निघाले. ओ सेब्रेइरो घाटाच्या चढाला खडी चाकाखालून निसटायला लागली, तेव्हा मी उतरले आणि सायकल ढकलत नेली. हे तुला मेले तरी सांगणार नाही. पण पुढे चेस्टनटच्या रानातला उतार लागला, तिथे ब्रेकला बोटसुद्धा लावलं नाही.

वाट आपल्या बारच्या दारावरूनच जाते. शेजारच्या दोरिन्दाने हाक मारली, "अगं, सूप तरी पिऊन जा." बसले असते तर उठले नसते. घंटी वाजवत तशीच पुढे गेले.

सान्तियागोला दाखला देणाऱ्या कचेरीतल्या मुलीने माझा पत्ता वाचला, वही चाळली आणि म्हणाली, "मावशी, सगळ्या गावांचे शिक्के आहेत, तुमच्याच गावचा नाही."

"त्याची जागा राखून ठेवलीय," मी म्हटलं.

घरी परतले, आज सकाळी बार उघडला आणि त्या कोऱ्या चौकोनात बाबांचा शिंपल्याच्या चित्राचा शिक्का दाबून मारला. हे पत्र काही धाडत नाही, त्यात ढकलल्याची गोष्ट आहे. तुला त्या पानाचा फोटो येईल, आणि खाली एवढंच: बार चालू आहे.

तुझी धाकटी,
सबेला